डिलिव्हरीनंतर आईचं मन: आधीची तयारी, चौदाव्या दिवसाची तपासणी आणि डॉक्टरांना नेमकं काय सांगायचं

ओळखीत कोणाची डिलिव्हरी झाली की मी बाळाच्या आधी आईची चौकशी करते, आणि जवळपास दर वेळी हेच दिसतं की लोक सगळं करतात पण उलट्या क्रमाने करतात. आधी दोन-तीन महिने "होईल ठीक, सगळ्यांनाच होतं" म्हणत काढायचे, मग ती अगदीच खचली की नातेवाइकांना फोन, मग रात्री-बेरात्री मोबाईलवर शोधाशोध, आणि डॉक्टर सगळ्यात शेवटी. माझ्याही पहिल्या वेळी हेच झालं, पाच महिने गेले त्यात. दुसऱ्या वेळी सगळं आधीपासून ठरवून केलं आणि चौदाव्या दिवशीच पकडलं. म्हणून इथे काय करायचं त्यापेक्षा कधी आणि कशाच्या आधी करायचं, यावर जास्त लिहितेय.

## आधी तीन गोष्टी वेगळ्या करून घ्या

पहिली गोष्ट बेबी ब्लूज. वार पडली की इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही दोन्ही हॉर्मोन्स काही दिवसांतच धाडकन खाली येतात, त्यात झोप नाही, टाके दुखतायत, छाती दुधाने भरून आलीये, त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या दिवसाच्या आसपास काही कारण नसताना रडू कोसळतं, घटकेत बरं वाटतं घटकेत चिडचिड होते. निम्म्याहून जास्त बायकांना हे होतं आणि दोन आठवड्यांच्या आत आपोआप ओसरतं.

दुसरी गोष्ट डिप्रेशन. हे दोन आठवड्यांनंतरही जात नाही, किंवा सुरूच नंतर होतं, पहिल्या वर्षात कधीही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार जगभरात नुकत्याच बाळंत झालेल्या साधारण १३ टक्के बायकांना मानसिक आजाराचा त्रास होतो आणि त्यात मुख्य डिप्रेशनच.

तिसरी गोष्ट सायकोसिस, म्हणजे वास्तवाचं भान सुटणं, भास आणि भलत्या समजुती होणं, हजारात एक-दोघींना होणारी, बहुतेक वेळा पहिल्या दोन आठवड्यांतच, आणि ही सरळसरळ इमर्जन्सी आहे. त्याबद्दल खाली "थांबायचंच नाही अशी लक्षणं" मध्ये वेगळं लिहिलंय, तो भाग घरातल्या सगळ्यांना वाचायला द्या.

## १. सातवा-आठवा महिना: तयारी इथे सुरू होते

बॅग भरायची यादी सगळ्यांकडे असते, बाळाचे कपडे, फाइल, चार्जर. मनासाठीची यादी कोणाकडेच नसते. चार कामं आहेत आणि ती याच क्रमाने करा.

पहिलं काम, डॉक्टरांना आपला जुना इतिहास सांगा. आधी कधी डिप्रेशन किंवा ॲन्झायटी झालीये का, गोळ्या चालू होत्या का, आधीचं बाळ गमावलंय का, आई-बहिणीला बाळंतपणानंतर त्रास झाला होता का. हे विचारलं जाईलच असं नाही, त्यामुळे स्वतःहून सांगायचं.

दुसरं, घरातली किंवा जवळची एक व्यक्ती ठरवा जिचं काम फक्त तुमच्याकडे बघणं. बाळाकडे बघायला खूप जण असतात. ही व्यक्ती नवराच असली पाहिजे असं नाही, बहीण असेल, मैत्रीण असेल, पण तुम्ही खोटं "ठीक आहे" म्हणालात तर जिला कळतं अशी हवी.

तिसरं, रात्रीची वाटणी कागदावर लिहा. हो, कागदावर, कारण तोंडी ठरलेलं पहाटे तीनला कोणालाच आठवत नाही.

चौथं, एक चिठ्ठी लिहून ठेवा, तुम्ही बऱ्या असताना कशा असता याची. मी लिहिलं होतं, "मला सकाळी रेडिओ लागतो. मी जेवताना बोलत बसते. बहिणीचा फोन मी कधी कट करत नाही." तेव्हा फालतू वाटलं होतं, पण नंतर नवऱ्याला फरक कळला तो त्या चिठ्ठीमुळेच. फोन कट व्हायला लागले होते.

सावधान: आधीपासून मानसिक आजाराच्या गोळ्या चालू असतील तर प्रेग्नन्सी आहे म्हणून मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारूनच काय ते ठरवा. आणि बायपोलर आजार (कधी टोकाचा उत्साह, कधी टोकाची उदासी) असेल किंवा आधीच्या बाळंतपणात सायकोसिस झाला असेल तर धोका खूप वाढतो, अशा वेळी डिलिव्हरीच्या आधीच सायकॅट्रिस्ट आणि बाळंतपणाचे डॉक्टर दोघांनी मिळून प्लॅन केलेला हवा.

## २. लेबर रूममध्ये: मोजक्याच गोष्टी ठरवा

इथे लोक फार लांबलचक बर्थ प्लॅन करतात आणि मग त्यातलं काही झालं नाही की स्वतःला दोष देत बसतात. नॉर्मल होईल की सिझर हे आपल्या हातात नसतं. ठरवायचंच असेल तर इतकंच ठरवा: सोबत कोण असणार, दुखणं कमी करण्यासाठी काय-काय सोय आहे, आणि अचानक काही करायची वेळ आली तर मला एका वाक्यात तरी सांगा, एवढी विनंती. डिलिव्हरीची आठवण पुढे कशी राहते हे बऱ्याचदा डिलिव्हरीच्या प्रकारापेक्षा तिथे आपल्याशी कोण कसं बोललं आणि आपल्याला विचारलं का, यावर असतं.

सोबतच्या माणसाने फोनमध्ये वेळा टिपून ठेवाव्यात, कधी ॲडमिट झालो, कधी ऑपरेशनला नेलं, काय कारण सांगितलं. याचा उपयोग सातव्या टप्प्यात आहे.

## ३. पहिले तीन-चार दिवस: काही ठरवू नका

या दिवसांत रडू येईल. येऊ द्या. "आता रडायचं नाही, दुधावर परिणाम होतो" असलं काही कोणी बोलत असेल तर त्या माणसाला प्रेमाने दुसऱ्या खोलीत पाठवा, रडल्याने दूध आटत नाही.

बाळाला पहिल्यांदा हातात घेतल्यावर काहीच वाटलं नाही, हेही मला बऱ्याच जणींनी कुजबुजत सांगितलंय. काहींना लगेच जीव लागतो, काहींना आठवडे लागतात, दोन्ही चालतं. बाळाला पाजणं, उचलणं, त्वचेला त्वचा लावून छातीशी धरणं हे करत राहिलं की ओढ हळूहळू लागते, आधी ओढ आणि मग काळजी असा क्रम असायलाच हवा असं नाही.

एक बारीक गोष्ट. काही जणींना दूध उतरायच्या जरा आधी एकदम खिन्न वाटतं, पोटात खड्डा पडल्यासारखं, आणि काही सेकंदांत, फार तर काही मिनिटांत ते जातं, पुन्हा पुढच्या वेळी तसंच. हे डिप्रेशन नाही, दूध उतरण्याच्या हॉर्मोनच्या हालचालीशी जोडलेली शरीराची प्रतिक्रिया आहे. वेळ लिहून ठेवली की पॅटर्न लगेच दिसतो.

आधी शरीर तपासा: तासाभरात एक पूर्ण पॅड भिजतंय, ३८ डिग्री सेल्सिअस किंवा जास्त ताप, खूप डोकं दुखून डोळ्यांपुढे अंधारी, एका पायाला सूज आणि दुखणं, छातीत दुखणं, धाप लागणं, यातलं काहीही असेल तर ते मनाचं समजून बसू नका, लगेच हॉस्पिटल. "टेन्शन घेतेस म्हणून होतंय" हे वाक्य अशा वेळी घातक ठरू शकतं.

## ४. पहिले दोन आठवडे: झोप हेच औषध समजा

इथे सगळ्यात जास्त चुका होतात म्हणून सविस्तर लिहिते.

"बाळ झोपलं की तू पण झोप" हा सल्ला सगळे देतात आणि तो बहुतेक वेळा चालत नाही, कारण बाळ झोपलं की अंघोळ, जेवण, पंप धुणं, भेटायला आलेली माणसं, आणि तुकड्या-तुकड्यात मिळालेल्या सहा तासांनी मेंदूला सलग झोपेसारखा आराम मिळत नाही. त्यामुळे ध्येय एकच ठेवा, २४ तासांत एकदा तरी सलग चार-पाच तास. ते असं जमतं:

आई रात्री नऊला बाळाला पाजते आणि झोपायला जाते, दुसऱ्या खोलीत, दार लावून, मोबाईल बाहेर. नऊ ते दोन बाळ दुसऱ्या माणसाकडे. बाळाला मध्ये भूक लागली तर काढून ठेवलेलं दूध किंवा डॉक्टरांनी सांगितलं असेल ते वरचं दूध. पूर्ण अंगावरच पाजायचं असेल आणि दूध अजून बसायचंय तर सुरुवातीचे काही आठवडे इतका मोठा गॅप ठेवू नका, अशा वेळी बाळ फक्त पाजण्यापुरतं आईकडे आणायचं, आणि ढेकर काढणं, नॅपी बदलणं, झोपवणं हे सगळं दुसऱ्याने. तेवढ्यानेही फार फरक पडतो, कारण आई पूर्ण जागी होत नाही. पाजताना तिचाच डोळा लागणार नाही ना, एवढं मात्र शेजारच्याने बघायचं.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे दुसरा माणूस बाळाला सांभाळतो पण त्याच खोलीत. बाळ कुं केलं की आई जागी. दार मध्ये पाहिजेच.

झोपेची टेस्ट: बाळ दुसऱ्याकडे आहे, खोली शांत आहे, तुम्ही दमलेल्या आहात, आणि तरीही झोप येत नाही, छताकडे बघत पडून राहता, काळीज धडधडतंय. असं लागोपाठ काही रात्री झालं तर चौदाव्या दिवसाची वाट बघू नका. बाळामुळे झोप न मिळणं वेगळं आणि संधी मिळूनही झोप न येणं वेगळं, दुसरं म्हणजे इशारा. मी पहिल्या वेळी रात्रभर बाळाच्या पोटावर हलका हात ठेवून श्वास मोजत बसायचे, साठपर्यंत मोजायचे आणि परत एकपासून, आणि घरचे म्हणायचे किती जीव लावते बघ. ती ॲन्झायटी होती, कोणालाच कळलं नाही, मलाही नाही.

## थांबायचंच नाही अशी लक्षणं

हे कितव्याही दिवशी दिसलं तरी बाकी सगळे टप्पे बाजूला ठेवून त्याच दिवशी हॉस्पिटलमध्ये न्या: दोन-तीन तासच झोपूनही भरपूर एनर्जी, झोपेची गरजच वाटत नाही, भराभर विषय बदलत बोलणं, गोंधळल्यासारखं वागणं, नसलेले आवाज ऐकू येणं, घरचे काही कट करतायत असा पक्का संशय, बाळाबद्दल विचित्र समजुती. तिला स्वतःला यात काही चूक वाटणार नाही, त्यामुळे तिची परवानगी मागत बसू नका आणि तिला बाळासोबत एकटं सोडू नका. उपचार केले की बायका यातून बऱ्या होतात.

स्वतःला संपवण्याचे किंवा बाळाला काही करण्याचे विचार येत असतील तरी तेच, आजच्या आज कोणाला तरी सांगा आणि तुमच्याकडचा इमर्जन्सी नंबर फिरवा.

यातच एक फरक समजून घ्या, नाहीतर उगाच घबराट होते. "बाळ माझ्या हातून पडलं तर?", "मीच काही केलं तर?" असे नको असलेले भयंकर विचार मनात चमकून जाणं नव्या आयांमध्ये खूप कॉमन आहे. त्या विचाराचीच आईला भीती वाटते, किळस येते, ती जिन्याजवळ जाणं टाळते, त्याचा अर्थ ती असं करणार असा होत नाही. वारंवार येत असतील तर डॉक्टरांना सांगा, त्यावर चांगले उपचार आहेत. पण तो विचार तिला पटायला लागला, त्यात काही वावगं वाटेना, तर ती इमर्जन्सी. आणि नेमकं कुठलं ते ठरवता येत नसेल तर इमर्जन्सीच समजून चाला.

## ५. चौदावा दिवस: दहा प्रश्न

कॅलेंडरवर आधीच गोल करून ठेवा. एडिनबर्ग पोस्टनेटल डिप्रेशन स्केल नावाची दहा प्रश्नांची यादी आहे, १९८७ सालापासून वापरात आहे, बऱ्याच भाषांमध्ये आहे आणि भरायला पाच मिनिटं लागतात. डॉक्टर किंवा नर्सकडे मागा. याने रोगनिदान होत नाही, पुढे जायचं की नाही एवढंच कळतं. भरताना लोक हमखास या चुका करतात:

आजचा दिवस कसा गेला ते लिहितात. प्रश्न मागच्या सात दिवसांबद्दल आहेत.

नवरा किंवा सासूबाई शेजारी बसून "अगं एवढं काही नाही तुला" म्हणत भरून घेतात. आईने एकटीने भरायचं, वाचता येत नसेल तर बाहेरच्या माणसाने वाचून दाखवायचं.

मार्क चुकीचे मोजतात. प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ मार्क, एकूण ३०. पण पहिला, दुसरा आणि चौथा प्रश्न सोडला तर बाकीच्या सात प्रश्नांत सगळ्यात वरच्या उत्तराला ३ असतात आणि खाली शून्य, म्हणजे उलटं. हे न कळल्यामुळे आजारी बाई ठणठणीत निघते. म्हणून बेरीज दोनदा करा.

आता वाचायचं कसं. १३ किंवा जास्त आले तर डिप्रेशनची शक्यता बरीच, त्याच आठवड्यात डॉक्टर. १० ते १२ आले तरी डॉक्टरांना कळवा आणि दोन आठवड्यांनी पुन्हा भरा. दहापेक्षा कमी आले पण आतून माहितीये की काहीतरी बिनसलंय, तर आतल्या आवाजाचं ऐका आणि जा.

सावधान: दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराबद्दल आहे. तिथे शून्य सोडून काहीही आलं तर एकूण बेरीज कितीही असो, त्याच दिवशी बोलायचं.

## ६. डॉक्टरांकडे काय बोलायचं

पहिल्या बाळंतपणानंतर सहाव्या आठवड्याच्या तपासणीला मी पर्समध्ये घडी घातलेला कागद घेऊन गेले होते, सात ओळी लिहिल्या होत्या. डॉक्टरांनी टाके बघितले, बाळ दूध पितंय का विचारलं, मी हो म्हणाले, "बाकी काही?" विचारलं तोवर त्यांचा हात पुढच्या फाइलवर गेला होता आणि मी "नाही, सगळं ठीक" म्हणून बाहेर आले. कागद तसाच पर्समध्ये. पुढचे साडेतीन महिने त्या एका वाक्याने खाल्ले.

म्हणून, खुर्चीत बसल्या-बसल्या पहिलं वाक्य हे: "आज मला टाक्यांच्या आधी मनाबद्दल बोलायचंय." बोलता येत नसेल तर कागद सरळ टेबलावर ठेवा. त्यावर असं असावं: किती दिवसांपासून, झोप किती तास आणि संधी मिळाली तर येते का, भूक, रोजची कुठली कामं जमेनाशी झालीत, दहा प्रश्नांचे मार्क, आणि मरणाचे विचार येतात का, हो किंवा नाही. "जरा थकल्यासारखं वाटतं" असं म्हणू नका, थकवा सगळ्यांनाच असतो, डॉक्टर पुढे विचारणार नाहीत. "तीन आठवडे रोज रडतेय आणि बाळ झोपलं तरी मला झोप येत नाही" असं सांगा.

हिमोग्लोबिन आणि थायरॉइडची तपासणी मागून घ्या. बाळंतपणानंतर काही जणींच्या थायरॉइडला सूज येते, आधी धडधड-चिडचिड आणि काही महिन्यांनी थकवा-उदासी, हुबेहूब डिप्रेशनसारखं. मात्र रिपोर्टची वाट बघत मनाचे उपचार थांबवायचे नाहीत, दोन्ही एकत्र चालू दे.

ऐकून घेतलं नाही तर दुसऱ्या डॉक्टरांकडे जा, आणि त्या ठरवलेल्या व्यक्तीला सोबत न्या.

## ७. डिलिव्हरीचीच आठवण छळत असेल तर

डिप्रेशन नसतानाही हा वेगळा त्रास असू शकतो. डिलिव्हरीचे प्रसंग डोळ्यांपुढे परत-परत येणं, दचकून उठणं, हॉस्पिटलच्या रस्त्याने जायलाही नको वाटणं. "बाळ तर सुखरूप आहे ना" हे वाक्य इथे अजिबात मदत करत नाही, त्याने ती गप्प होते एवढंच.

तिला खोदून-खोदून सगळं सांगायला लावू नका, तिला वाटेल तेव्हा आणि तेवढंच ऐका. तिची तयारी असेल तेव्हा हॉस्पिटलमधून डिस्चार्जचे कागद घ्या, सोबतच्या माणसाने टिपलेल्या वेळा शेजारी ठेवा, आणि जमल्यास डॉक्टरांकडून "तेव्हा नेमकं काय झालं" हे समजून घ्या. मला वर्षभर वाटायचं की माझ्यात जोर नव्हता म्हणून सिझर झालं, कागदात बाळाचे ठोके कमी झाल्याची वेळ आणि निर्णयाची वेळ शेजारी-शेजारी वाचली तेव्हा काहीतरी सुटलं आतून. महिन्यानंतरही त्रास तसाच असेल तर ट्रॉमावर काम करणारे थेरपिस्ट गाठा, हे नुसतं वेळ गेल्याने जाईलच असं नाही.

## ८. उपचार सुरू झाल्यावरच्या चुका

हलका-मध्यम त्रास असेल तर बोलण्याच्या थेरपीनेही बरं होतं, त्रास जास्त असेल तर गोळ्या लागतात, कधी दोन्ही. अंगावर पाजताय हे डॉक्टरांना आधी सांगा. पाजतानाही घेता येतील अशा गोळ्या आहेत, उदाहरणार्थ सर्ट्रालिन दुधात फारच कमी उतरतं, त्यामुळे "गोळी की दूध" असं परस्पर ठरवून टाकू नका.

मोठ्या चुका दोन. एक, आठवड्यात फरक पडला नाही म्हणून गोळी सोडणं, यांचा परिणाम दिसायला बहुतेक वेळा दोन ते चार आठवडे लागतात. दुसरी, बरं वाटलं म्हणून सोडणं, बरं वाटल्यानंतरही सहसा निदान सहा महिने चालू ठेवतात आणि मग डॉक्टर हळूहळू कमी करतात. आणि गोळी सुरू केल्यावर झोप एकदम उडाली, अंगात वेगळाच उत्साह संचारला, तर त्याच दिवशी फोन करा, तो बायपोलरचा इशारा असू शकतो.

## ९. घरच्यांनी काय करायचं

"काही मदत लागली तर सांग" म्हणू नका, ती सांगणार नाही. "मी आठ वाजता येते, बाळाला दोन तास घेते" असं सांगा आणि या. येऊन बाळाला घेऊन बसू नका आणि तिला चहा करायला लावू नका.

"बाळ कसंय?"च्या आधी "तू काल किती तास झोपलीस?" विचारा. "कशी आहेस"ला "ठीक" हे उत्तर ठरलेलं असतं, तासांचा आकडा मात्र बहुतेक जणी खरा सांगतात.

बाळाचं रडणं साधारण सहाव्या आठवड्यापर्यंत वाढत जातं आणि मग कमी होतं. रडणं असह्य झालं, हात थरथरायला लागले, तर बाळाला पाळण्यात पाठीवर सुरक्षित ठेवून दहा मिनिटं दुसऱ्या खोलीत जाणं हे योग्यच आहे. बाळाला हलवायचं, झटकायचं नाही, कधीच नाही. हे तिला आधीच सांगून ठेवा, म्हणजे त्या दहा मिनिटांचा तिला गिल्ट येणार नाही.

आणि बाबांकडेही बघा. बाळ झाल्यावर साधारण दहात एका वडिलांनाही डिप्रेशन येतं, ते बऱ्याचदा रडण्याऐवजी चिडणं, घरी उशिरा येणं, गप्प होणं असं दिसतं.

## १०. पुढच्या तारखा

दहा प्रश्न एकदाच भरून फाइल बंद करू नका. सहावा आठवडा, तिसरा महिना, सहावा, नववा आणि वर्ष, या तारखा आत्ताच फोनमध्ये टाका. त्याशिवाय आणखी दोन वेळा भरा: अंगावरचं दूध सोडवल्यावर आणि कामावर परत रुजू झाल्यावर दोन आठवड्यांनी, कारण सगळं सुरळीत चाललेलं असतानाही या दोन वळणांवर बऱ्याच जणी परत घसरतात आणि तोवर घरच्यांचं लक्ष उडालेलं असतं. रिमाइंडर दोन फोनमध्ये लावा, एक तुमच्या आणि एक त्या ठरवलेल्या व्यक्तीच्या.